लॅपटॉप सुरू न होणे

पॉवरचे बटण दाबूनही लॅपटॉप कामाला तयार न होणे. ‘लॅपटॉप चालू होत नाही’ या तक्रारीत निदान तीन वेगळे बिघाड दडलेले असतात. पहिल्यात यंत्र निपचित पडलेले असते. दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज नाही. दुसऱ्यात दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. दुकानदार याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. तिसऱ्यात कंपनीचे चिन्ह दिसते आणि गाडी तिथेच अडते. आपला प्रकार कोणता, हे दुकानात जाण्याआधी पाहून ठेवावे. नाहीतर विंडोजच्या बिघाडापायी मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी आतली मुख्य पट्टी) बदलण्याची वेळ येते.

गोव्यात या बिघाडांमागे ओल हे मोठे कारण आहे. इथे वर्षाकाठी सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. किनाऱ्याजवळच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कणही असतात. मीठ ओल धरून ठेवते आणि ओल्या मिठातून वीज वाहते. त्यामुळे मदरबोर्डवर धूळ साचली असेल तर तिच्यावर खारट थर बसतो, जवळजवळच्या टोकांमध्ये वीज झिरपू लागते, तांबे गंजते आणि हिरवट-पांढरे डाग उमटतात. रोज वापरात असलेला लॅपटॉप स्वतःच्या उष्णतेने थोडाफार कोरडा राहतो. बंद पडून असलेल्याचे हाल जास्त. बोटीवर नोकरीला गेलेल्या माणसाचा लॅपटॉप सहा महिने कपाटात राहतो, चवथीला (गणेश चतुर्थीला) तो माणूस घरी येतो आणि बटण दाबले तर काहीच होत नाही, असे घडते. घरच्यांनी आठवड्यातून एकदा तासभर तो चालू ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेला थंडगार लॅपटॉपही लगेच सुरू करू नये, कारण आतल्या धातूवर दव धरते. अर्धा तास थांबावे.

यंत्र निपचित असेल तर आधी त्याच प्लगवर दुसरे काही लावून वीज येते का ते पाहावे, मग दुसरा अडॅप्टर लावून बघावा. बऱ्याच लॅपटॉपचा अडॅप्टर १९ ते २० व्होल्टचा असतो. नेमका आकडा त्याच्या लेबलवर छापलेला असतो आणि तो जुळला पाहिजे. मे आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी गडगडाट होतो, तेव्हा विजेच्या झटक्याने अडॅप्टर जळतो. ढग दाटले की प्लग काढून ठेवलेला बरा. अडॅप्टर ठीक असेल तर तो काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढावी आणि बटण ३० सेकंद दाबून धरावे. आत उरलेला विद्युतभार निघून जातो, पॉवर सांभाळणारी चिप नव्याने सुरू होते. मग नुसत्या अडॅप्टरवर सुरू करून पाहावे. बॅटरी पार उतरली असेल तर आधी तासभर चार्जिंगला लावावे. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंग ताबडतोब बंद करावे. ती टोचू किंवा दाबू नये, पेट घेऊ शकते.

पडदा काळा असेल तर कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आतून जागे आहे. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडावा. तिथे चित्र आले तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या केबलचा. चित्र कुठेच नसेल तर बॅटरी सोडवून रॅम (तात्पुरत्या स्मृतीची छोटी पट्टी) काढावी, तिचे संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत आणि ती पुन्हा नीट बसवावी. पावसाळ्यात बसलेला मळ एवढ्यानेच जातो आणि यंत्र पुन्हा चालू लागते, असा अनुभव अनेकांना येतो.

विंडोज अडकत असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत) फाइली साठवणारी एसएसडी किंवा हार्ड डिस्क दिसते का, हे पाहावे. दिसत असेल तर काही अयशस्वी प्रयत्नांनंतर विंडोज दुरुस्तीचा पडदा आपणहून उघडते. तिथे ‘रिसेट’ शेवटी निवडावे. त्याआधी फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्याव्यात. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते, म्हणून ती कागदावर लिहून ठेवावी.

आत पाणी गेले असेल तर सगळीच रीत बदलते. ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबणे हीच मोठी चूक, कारण ओल्या मदरबोर्डवर वीज गेली की शॉर्ट होतो. चार्जर काढावा, लॅपटॉपची पॉवर बंद करून तो अर्धवट उघडा, तंबूसारखा पालथा ठेवावा. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय घरोघर सांगतात, पण तांदूळ आतले पाणी ओढून घेत नाहीत, उलट पिठी आत जाते. समुद्राचे पाणी असेल तर सुकण्याची वाटही पाहू नये: पाणी उडते, मीठ मागे राहते. त्याच दिवशी दुरुस्ती करणाऱ्याकडून उघडून मदरबोर्ड आयसोप्रोपिलने धुऊन घ्यावा.