इंदूर धर्मार्थ रुग्णालयातील शल्यसंशोधन

मध्य भारतातील इंदूर येथे, रेसिडेन्सीच्या (संस्थानातील ब्रिटिश प्रतिनिधीच्या ठाण्याच्या) हद्दीतील धर्मार्थ रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेले चिकित्साविषयक संशोधन. कापलेल्या नाकाची पुनर्रचना (नासासंधान) आणि मूत्राशयातील खडा पोट किंवा शिवण (जननेंद्रिय व गुदद्वार यांमधला भाग) न चिरता आतल्या आत चुरून बाहेर काढणे (अश्मरीभंजन) हे त्याचे दोन मुख्य विषय होत. दोन्हींच्या केंद्रस्थानी रेसिडेन्सी सर्जन डेनिस फ्रान्सिस कीगन हे आहेत. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील या आयरिश शल्यविशारदांनी यांतील एकही शस्त्रक्रिया मुळात शोधून काढली नाही. तरीही शल्यचिकित्सेच्या इतिहासात इंदूरचे नाव येते. एकाच प्रकारचे पुष्कळ रुग्ण पाहून आधीची रीत कुठे अपुरी पडते, हे येथे शोधले गेले आणि ती दुरुस्त केली गेली.

स्थान व संस्था. मंदसोरच्या तहानंतर (१८१८) होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली आणि शहरालगत ब्रिटिश रेसिडेन्सी वसली. १८५४ मध्ये सेंट्रल इंडिया एजन्सी स्थापन झाल्यावर तिचे मुख्य ठाणेही येथेच राहिले. राजवाड्याभोवतीचे, मराठीत कारभार चालणारे होळकरी शहर आणि रेसिडेन्सीची वसाहत यांचा कारभार निराळा असला, तरी दुखणाईत माणसाला ती हद्द आड येत नसे. माळवा, निमाड आणि भिल्लांच्या डोंगरपट्ट्यातून बैलगाडीने आलेली माणसे याच रुग्णालयाच्या ओसरीवर येऊन बसत. १८७८ मध्ये रुग्णालयाच्या जोडीने वैद्यक शाळा निघाली. पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल या नावाने ओळखली जाऊ लागली.

कापलेली नाके. ‘नाक कापले जाणे’ म्हणजे अब्रू जाणे, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ ही म्हणही सर्वांच्या तोंडी आहे. या शब्दांमागची क्रूर प्रथा इंदूरच्या वॉर्डात प्रत्यक्ष दिसत होती. कीगन यांच्याकडे आलेल्या रुग्णांत स्त्रियांची संख्या मोठी होती. नवऱ्याने संशयावरून नाक कापलेल्या या स्त्रिया होत्या. भारतीय दंडसंहितेने (१८६०) डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप करणे ही जबर दुखापत ठरवली, मात्र संस्थानी मुलखात न्यायाची व्यवस्था वेगळी होती. जखमेचे स्वरूप येथे ध्यानात घेतले पाहिजे, कारण पुढची सारी तांत्रिक चर्चा त्यावर उभी आहे. सुरी किंवा वस्तऱ्याने नाकाचा मऊ भाग, म्हणजे शेंडा, नाकपुड्या आणि मधला पडदा, छाटला जाई. वरचे नासास्थी व त्यावरची कातडी बहुधा शाबूत राहत असे. उपदंशाने किंवा कुष्ठरोगाने बसलेल्या नाकाची गोष्ट वेगळी. तिथे आधारच झडलेला असतो.

‘भारतीय पद्धती’चा उगम. कपाळावरील कातडीचा फ्लॅप (एका टोकाने, म्हणजे ‘देठा’ने, शरीराला जोडलेला ठेवलेला तुकडा) खाली वळवून नाक करण्याच्या रीतीला पाश्चात्त्य ग्रंथांत ‘भारतीय पद्धती’ म्हणतात. तिचा उगम सरसकट सुश्रुताशी जोडला जातो, परंतु हे विधान जपून करावे लागते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात नासासंधानाचा विधी आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने ‘गण्डपार्श्वात्’, म्हणजे गालाच्या बाजूने, मांस उचलावे, नाकाचा उरलेला भाग खरवडून त्यावर ते जोडावे, दोन नळ्या बसवून नाक उचलून धरावे आणि पतंग नावाचे लाकूड, ज्येष्ठमध व अंजन यांचे चूर्ण भुरभुरावे, असा त्याचा क्रम आहे. येथे गाल आहे, कपाळ नाही. दुसरा मुद्दा अधिक बारीक आहे. त्याच अध्यायात कानाची पाळी नव्याने करण्याविषयी सांगताना गालाचे मांस ‘सानुबन्धेन जीवता’ असावे, म्हणजे एका बाजूने जोडलेले व जिवंत असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. नाकाच्या श्लोकांत हे शब्द नाहीत. म्हणून काही अभ्यासक तेथे कातडी पूर्ण सुटी करून लावली जात असावी असे मानतात. इतरांच्या मते कानाचा नियम नाकालाही गृहीत आहे. कान आणि नाक यांचे विधी एकाच अध्यायात लागोपाठ येतात आणि देठ तोडलेला एवढा जाड तुकडा जगणे कठीण असते, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. संहितेच्या काळाबद्दलही एकवाक्यता नाही. परंपरा तिला इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आसपास नेते, तर भाषा व रचना तपासणारे विद्वान आजचा पाठ इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत थराथराने वाढत गेला असे मानतात. नेपाळमध्ये सापडलेल्या एका हस्तलिखिताचा काळ इ. स. ८७८ आहे. पाठाला तेवढा तरी पक्का आधार मिळतो.

कपाळाच्या कातडीचा उल्लेख बराच नंतर सापडतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात राहिलेला व्हेनिसचा प्रवासी निकोलाओ मनुची याने विजापूरकडील वैद्य भुवयांवरची कातडी कापून नाकाच्या जखमेवर उतरवतात असे लिहिले आहे. त्यानंतरची प्रसिद्ध नोंद पुण्याची आहे. इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी हा १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ‘बी. एल.’ या आद्याक्षरांनी छापलेल्या पत्रात ही कृती तपशीलवार आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ आखायची, दोन भुवयांमध्ये थोडा देठ राखून कातडी सोडवायची, ती वळवून खाली आणायची आणि काताच्या लेपाने भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी धरून ठेवायची. चार दिवसांनी लेप काढून तुपाची पट्टी लावली जाई. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापत. टाका एकही घातला जात नसे.

विटा करणारा म्हणजे कुंभार, असा अर्थ पुढच्या लेखकांनी लावला व तो रूढ झाला. त्या कारागिराचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. ज्याच्या हातातून ही विद्या युरोपला गेली त्याच्या वाट्याला एवढेच यावे, ही खेदाची बाब आहे. सुश्रुतापासून या कारागिरापर्यंत अखंड परंपरा होती असे अनेकदा लिहिले जाते. मधल्या काळातील पुरावा मात्र तुटक आहे. विजापूर, पुणे आणि हिमालयातील कांगडा येथील उल्लेख पाहता, कपाळाची रीत वैद्यांच्या ग्रंथांबाहेर, घराण्याघराण्यांत चालत आलेली स्वतंत्र कारागिरी असावी, हे मत सध्या अधिक सयुक्तिक ठरते.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये दोन रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. नंतर ती जर्मनीत गेली. जुनागढचे डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी १८८९ मध्ये शंभर रुग्णांचा वृत्तांत छापला. कीगन यांचे काम याच काळातले आहे.

अस्तराचा प्रश्न. पुण्याच्या आणि कार्प्यू यांच्या पद्धतीत फ्लॅपला बाहेरून कातडी असते, आतली बाजू उघडी व ओली राहते. अशी उघडी बाजू भरून येताना वण आकसतो. महिन्या-दोन महिन्यांत नवे नाक गोळा होऊन बसते, नाकपुड्या मिटू लागतात आणि नळ्या काढल्या की श्वास कोंडतो. पहिल्या आठवड्यात सुरेख दिसलेले नाक पुढे असे बिघडे. शिंप्याला विचारले तर तो सांगेल की अस्तराविना कोट अंगावर नीट बसत नाही. अडचण नेमकी हीच होती.

कीगन यांनी नासास्थींवर शाबूत राहिलेल्या कातडीचा उपयोग केला. तिच्यातून दोन छोटे फ्लॅप उचलून, जखमेच्या काठाशी असलेला देठ तसाच ठेवून, ते दाराच्या बिजागरीसारखे खाली उलटवायचे. असे केल्याने कातडीची बाजू आत जाते व नव्या नाकाचे छत आणि अस्तर बनते. ओली बाजू वर येते आणि तिच्यावर कपाळाचा फ्लॅप बसतो. दोन ओल्या बाजू एकमेकींना चिकटतात, आत उघडी जखम उरत नाही. कपाळाचा फ्लॅपही त्यांनी सरळ न आखता तिरका आखला आणि देठ डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ ठेवला. तेथून जाणाऱ्या धमनीचा रक्तपुरवठा त्याला मिळतो आणि वळवताना देठाला पीळ कमी बसतो. १९०० मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी या सुधारणा मांडल्या.

अग्रक्रमाचा वाद येथेही आहे. नाकाच्या उरलेल्या कातडीचे किंवा गालाचे अस्तर करण्याचे प्रयत्न १८७० च्या दशकात फोल्कमान व टियर्श या जर्मन शल्यविशारदांनी केले होते. त्यामुळे कल्पनेचा पहिला मान कीगन यांना देता येत नाही. कापलेल्या नाकाच्या विशिष्ट जखमेसाठी, जिथे नासास्थींवरची कातडी हाताशी असते, ती रीत ठरावीक पायऱ्यांत बांधून रुग्णांमागून रुग्णांवर वापरण्याचे श्रेय मात्र इंदूरचेच.

मुतखडा. लहान मुलांच्या मूत्राशयातील खडा हे त्या काळी हिंदुस्थानातील बऱ्याच भागांत नेहमीचे दुखणे होते. लघवीच्या वेळी कळवळणारे, शिश्न ओढत राहणारे पाच-सहा वर्षांचे पोर हे त्याचे ठरलेले चित्र. शिवणीतून चीर देऊन खडा काढणे हा जुना इलाज होता. पॅरिसच्या सिव्हियाल यांनी १८२४ मध्ये मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा चुरण्याची रीत आणली होती, पण तुकडे आपोआप पडेपर्यंत बैठका पुन:पुन्हा कराव्या लागत. बोस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी १८७८ मध्ये एकाच बैठकीत खडा चुरून, रुंद नळीने व रबरी फुग्याच्या ओढीने सारा चुरा धुऊन काढण्याची पद्धत मांडली. तिला लिथोलापॅक्सी म्हणतात.

ही पद्धत प्रौढांपुरती आहे, मुलाच्या बारीक मूत्रमार्गात अवजार शिरणारच नाही, असा बहुतेकांचा समज होता. कीगन यांनी लहान मापाची उपकरणे वापरून १८८० च्या दशकाच्या प्रारंभी इंदूरला मुलग्यांवर ती यशस्वी केली आणि त्या दशकातच या विषयावर ग्रंथ लिहिला. मुलाचा मूत्रमार्ग समजतात त्यापेक्षा अधिक ताणला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. उत्तर हिंदुस्थानात पीटर फ्रेअर हेही याच सुमारास या पद्धतीचा पुरस्कार करीत होते. चीर नसल्याने मूल काही दिवसांत घरी जाई. शिवणीतील चिरेमुळे पुढे वीर्यवाहिनीला इजा होण्याचा धोकाही टळे. खडा का होतो, याचे उत्तर त्या काळी मिळाले नाही. मुख्यत्वे धान्यावर पोसलेले, दूध व प्राणिज प्रथिने कमी असलेले जेवण, त्यात वारंवार हगवण व पाण्याची तूट, यांतून अमोनियम युरेटचे खडे बनतात हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. आहार सुधारला तसा मुलांतील हा आजार बहुतेक ठिकाणी ओसरला.

संशोधनाचे स्वरूप. आजच्या परिभाषेत हे काम म्हणजे ‘रुग्णमालिका’ होय. त्यात तुलनेचा गट नाही, चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी नाही. अशा मालिकेत शल्यविशारदाचा हात आणि पद्धतीचा गुण वेगळे काढता येत नाहीत, आणि दूरच्या खेड्यात परतलेल्या रुग्णाचे वर्षभराने काय झाले हे कळणे अवघड असते. नाकाच्या बाबतीत हा दोष गंभीर आहे, कारण आकसण्याची क्रिया सावकाश चालते. मुतखड्याच्या बाबतीत तो सौम्य ठरतो. मूल जगले की नाही व खडा पूर्ण निघाला की नाही, हे दवाखान्यातच समजते. म्हणून इंदूरच्या दोन कामांपैकी अश्मरीभंजनाचे निष्कर्ष अधिक भक्कम मानावेत.

उत्तरकाल. १९४८ मध्ये इंदूरला महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जुनी वैद्यक शाळा त्यात सामावली. महाराजा यशवंतराव रुग्णालय त्याला जोडलेले आहे. इंदूरच्या मराठी घरांत ते नुसते ‘एमवाय’ म्हणून ओळखले जाते. आज कपाळाचा फ्लॅप मुख्यत: त्वचेच्या कर्करोगानंतर किंवा अपघातानंतर वापरतात. अस्तर कशाचे करायचे, हे शल्यविशारदाला अजूनही आधी ठरवावे लागते.

चिकित्सा-संशोधनात इंदूरचे नाव पुन्हा देशभर ऐकू आले ते रुग्णाच्या संमतीच्या निमित्ताने. औषधचाचण्यांबाबत स्वास्थ्य अधिकार मंच या इंदूरच्या संघटनेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २०१३ मध्ये नुकसानभरपाई व नीतिसमित्यांची नोंदणी यांचे नियम आले. त्या सर्वांची फेरमांडणी नवीन औषधे व चिकित्सा चाचण्या नियम, २०१९ मध्ये झाली. अगदी नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होणारी व्यक्ती दुर्बल स्थितीतील असेल, तर तिला माहिती कशी दिली आणि ती तिने समजून घेतली का, याचे दृक्‌श्राव्य चित्रण करून ठेवणे या नियमांनुसार बंधनकारक आहे.