राग साहेबावर का निघत नाही?

“तसा तो मनानं वाईट नाही हो, पोटात गेली की त्याला भान राहत नाही.” बायकोवर हात उचलणाऱ्या नवऱ्याबद्दल सासू हेच सांगते, शेजारीण हेच सांगते, कधी कधी मार खाणारी ती बाईसुद्धा. दारू नसेल तर “जरा तापट आहे” असतंच. या दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण भान हरपणारा हाच माणूस साहेबासमोर किंवा हवालदारासमोर बहुधा बरोबर भानावर असतो. मानसशास्त्रज्ञांना कोडं पडतं ते इथे.

आधी दारूचं बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ज्यांचे नवरे वारंवार झिंगतात अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा पीतच नाही अशांमध्ये हे प्रमाण २३ टक्के होतं. फरक प्रचंड आहे, पण २३ हाही आकडा लहान नाही. तेवढ्या घरांत दारूशिवायच मारहाण झाली. दारूनं लक्षाचा परीघ आखडतो, असं संशोधक मानतात. समोरचा टोमणा तेवढा मोठा दिसतो आणि उद्याचे परिणाम दिसेनासे होतात. म्हणजे ती ब्रेक ढिला करते. गाडी कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहे, हे दारू ठरवत नाही.

याचा एक विलक्षण पडताळा गोव्यात मिळाला. ‘संगथ’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना समुपदेशन दिलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, त्या कामासाठी तयार केलेली साधी माणसं होती. २०१७ साली निकाल आले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं, इतरांपैकी २६ टक्क्यांचं. दारूच्या उपचारात हे यशच म्हणायचं. जोडीदाराला होणाऱ्या मारहाणीत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तीन महिने हा काळ तसा थोडा, त्यामुळे एकाच चाचणीवरून फार ताणू नये. तरीही ‘दारू सोडवा, घर सुधारेल’ या आपल्या लाडक्या समजुतीला तिनं टाचणी लावली आहे.

मग मारणाऱ्याच्या डोक्यात नेमकं काय चालतं? १९९३ साली अमेरिकेत एमी होल्ट्झवर्थ-मनरो आणि ग्लेन हचिन्सन यांनी नवऱ्यांना काही काल्पनिक प्रसंग सांगितले. बायको कुणा देखण्या पुरुषाशी हसत-बोलत उभी आहे, असे. ती असं का वागली असेल, एवढंच विचारलं. मारहाण करणाऱ्या नवऱ्यांच्या उत्तरात हेतू आला. मला चिडवायला केलं, मला कमी लेखायला केलं. संसारात खटके उडणारे, पण हात न उचलणारे नवरेही या अभ्यासात होते. त्यांना त्याच प्रसंगात असा डाव कमी दिसला. म्हणजे राग येण्याच्या आधीच एक निवाडा होऊन गेलेला असतो: हिनं माझा अपमान केला.

या निवाड्याची मुळं बालपणात शोधतात आणि ती सापडतातही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकारानं आशिया-पॅसिफिकमधल्या सहा देशांत सुमारे १०,००० पुरुषांना विचारलं गेलं (२०१३). लहानपणी मार किंवा अत्याचार सोसलेले पुरुष मोठेपणी जोडीदारावर हिंसा करण्याची शक्यता जास्त निघाली. पण आईला मार खाताना पाहिलेली बहुतेक मुलं पुढे मारकुटी होत नाहीत, हेही तितकंच खरं आहे. शिवाय याच पाहणीत हिंसेची कबुली देणाऱ्यांचं प्रमाण एका ठिकाणी २६ टक्के, तर दुसऱ्या ठिकाणी ८० टक्के होतं. स्वभावाचा दोष समुद्र ओलांडला की तिप्पट कसा होईल?

इथे आजूबाजूची माणसं चित्रात येतात. जोसेफ व्हँडेलो आणि डोव्ह कोहेन यांच्या २००३च्या प्रयोगांत याचं फार बोलकं उत्तर आहे. ब्राझीलमधल्या सहभागींच्या मते बायकोच्या व्यभिचारानं नवऱ्याची इभ्रत जाते आणि त्यानं हात उचलला तर ती थोडीफार परत मिळते. आणखी एका प्रयोगात सहभागींसमोर मत्सरावरून एक लुटुपुटूचं भांडण घडवलं आणि मग त्यातल्या बाईशी त्यांची गाठ घालून दिली. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतल्या लोकांना ‘मी याला सोडणार’ म्हणणारी बाई आवडली. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) सहभागींना स्वतःकडे दोष घेऊन राहणारी. म्हणजे चार भिंतींच्या आतल्या त्या दोघांच्या भांडणातही बाहेरचे प्रेक्षक हजर असतात.

आपल्याकडचे प्रेक्षक काय म्हणतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत सात कारणं वाचून दाखवली होती: न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, उलट बोलली, वगैरे. त्यांपैकी निदान एका कारणासाठी मारणं योग्य, असं ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं. सर्वांत जास्त मतं पडली ती सासू-सासऱ्यांचा मान न ठेवण्याला. लोरी हाइझी आणि आंद्रेआस कोटसादाम यांनी २०१५ साली ४४ देशांतल्या ६६ पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अशी संमती जिथे जास्त तिथे हिंसाही जास्त आढळली. देशाच्या श्रीमंतीचा जो परिणाम दिसत होता, तो हे रिवाज हिशेबात धरल्यावर उरला नाही.

साहेबावर हात उचलला तर नोकरी जाते. बायकोवर उचलला तर काय जातं? केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यातला प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांचा अभ्यास (२००५) मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. नावावर ना घर ना जमीन अशा ४९ टक्के बायकांनी मार खाल्ला होता. दोन्ही असलेल्यांमध्ये ७ टक्के. नवऱ्यांचे स्वभाव सातबारा बघून घडलेले नसतात, पण ही बाई निघून जाऊ शकते, हे त्यांना ठाऊक असतं.

या प्रेक्षकांचंच मत बदलण्याचा प्रयत्न युगांडातल्या कंपाला शहरात झाला. ‘सासा!’ या उपक्रमात वस्तीतल्याच स्वयंसेवकांनी घरात कुणाचं चालतं, का चालतं, यावर काही वर्षं गप्पा घडवल्या. चार वस्त्यांत उपक्रम झाला, तुलनेच्या चार वस्त्यांत नाही. २०१४च्या अहवालात उपक्रमाच्या वस्त्यांत मागच्या वर्षभरातली शारीरिक हिंसा ५२ टक्क्यांनी कमी दिसली. आठच वस्त्या असल्यानं हा आकडा जपूनच घ्यावा लागतो. बायकांमध्ये मारहाणीला असलेली संमती घटल्याचा पुरावा मात्र त्यापेक्षा भक्कम होता.