फाटकावर आंधळा, दारासमोर डोळस

मुंबईत एखाद्या सोसायटीतून सायकल चोरीला गेली की पुढच्या सभेतला ठराव ठरलेला असतो: प्रत्येक मजल्यावर कॅमेरा बसवा. ‘कॅमेरा सगळ्यांनाच बघतो, मग हरकत कसली?’ हे म्हणणं सभेत चटकन पटतं. पण कॅमेरा सगळ्यांना सारखं बघत नाही. त्याला कोण किती दिसणार हे अंतरावर ठरतं, आणि आपल्या अरुंद इमारतींत ते गणित उलटं बसतं.

यात एकच माप महत्त्वाचं आहे: माणूस उभा आहे तिथे एक मीटर रुंदीवर किती पिक्सेल पडतात. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत याच्या पायऱ्या दिल्या होत्या. मीटरला २५ पिक्सेल असतील तर कुणीतरी आहे एवढंच कळतं. साधारण ६२ असतील तर कपडे आणि चालण्याची ढब दिसते. १२५ ला ओळखीचा माणूस ओळखू येतो. २५० च्या पुढे अनोळखी माणसाचीही ओळख पटवता येते.

आता गणित करू. नेहमीच्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. त्यावर बहुधा २.८ मिमीची लेन्स असते. तिचा कोन साधारण १०० अंशांचा, म्हणजे चौकटीची (चित्रात मावणाऱ्या दृश्याची) रुंदी अंतराच्या सुमारे २.४ पट. खांबावरच्या कॅमेऱ्यापासून फाटक १२ मीटरवर असेल तर चौकट जवळजवळ २९ मीटर रुंद होते आणि मीटरला फक्त ६७ पिक्सेल उरतात. १६ सेंटिमीटर रुंद चेहऱ्याच्या वाट्याला येतात जेमतेम ११. चोर गेला, पण चेहरा मिळाला नाही. तोच कॅमेरा मजल्यावर, समोरच्या दारापासून २ मीटरवर लावा. तिथे मीटरला ४०० पिक्सेल मिळतात आणि चेहऱ्यावर ६४. शेजाऱ्यांकडे कोण आलं, किती वाजता आलं, केव्हा गेलं, हे सगळं स्वच्छ नोंदलं जातं. दार उघडलं की आतली खोलीसुद्धा.

फाटकावरचा उपाय स्वस्त आहे. तिथे १२ मिमीची लेन्स लावा. १२ मीटरवर चौकट साधारण साडेपाच मीटर रुंद राहते आणि मीटरला ३४० च्या वर पिक्सेल मिळतात. नुसते मेगापिक्सेल वाढवून एवढा फायदा होत नाही: २ चे ८ केले तरी रुंदीतले पिक्सेल दुप्पटच होतात. रात्री प्रकाश कमी म्हणून शटर १/२५ सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्या वेळात चालणारा माणूस साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो आणि चेहरा फरफटल्यासारखा उमटतो. म्हणून फाटकावर आधी चांगला दिवा हवा. ‘एआय अंधुक चेहरा स्पष्ट करतं’ या जाहिरातीवर तर मुळीच विसंबू नका. अकरा पिक्सेलमध्ये नसलेलं नाक सॉफ्टवेअर अंदाजाने काढतं, आणि ते नाक कुणाही निरपराध माणसाचं असू शकतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमताने सांगितलं. हेतू वैध हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटी त्या निकालात सरकारसाठी आहे. सोसायटीनेही ती स्वतःला लावून पाहावी. चोर पकडायचा असेल तर शेजारणीकडे येणाऱ्या पाहुण्यांची नोंद कशाला?

मजल्यावर कॅमेरा हवाच असेल तर तो जिन्याकडे वळवा आणि चौकटीत येणाऱ्या दारांवर ‘प्रायव्हसी मास्क’, म्हणजे चित्राचा तेवढा भाग झाकणारा काळा चौकोन, लावा. बहुतेक आयपी (नेटवर्कला जोडलेल्या) कॅमेऱ्यांत ही सोय असते. मास्क कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये लावा. तिथे तो भाग चित्र कॉम्प्रेस होण्याआधीच काळा होतो, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये दार नसतंच आणि नंतर कुणालाही ते परत मिळवता येत नाही. मास्क फक्त मॉनिटरवर किंवा ॲपमध्ये लावला तर पडद्यावर काळा चौकोन दिसतो, पण हार्ड डिस्कवर दार जसंच्या तसं राहतं. तपासायचं असेल तर कालचं फुटेज पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. आणखी एक गोष्ट: मास्क चौकटीतल्या जागेला चिकटलेला असतो, दाराला नाही. रंगकामात कुणाच्या शिडीचा धक्का लागून कॅमेरा हलला, की काळा चौकोन भिंतीवर जातो आणि दार उघडं पडतं. त्यामुळे दर रंगकामानंतर आणि पावसाळा संपल्यावर ही तपासणी पुन्हा करा, आणि ज्यांचं दार आहे त्यांना समोर बसवून करा.