राजाची दाढ आणि कासवाचं पोट

सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये एका राजाची दाढ ठणकत होती. राजा वू दिंग, घराणं शांग, राजधानी आजच्या हेनान प्रांतातल्या आन्यांगपाशी. दुखण्याचं कारण दरबाराला ठाऊक होतं: कुणीतरी पूर्वज रागावलाय. प्रश्न इतकाच, की कोण? मग कासवाच्या पोटाकडचं कवच आणलं गेलं आणि एकेकाचं नाव घेऊन विचारणा झाली. पिता जिया आहेत. पिता जिया नाहीत. पिता गेंग आहेत. पिता गेंग नाहीत. पुढे पिता शिन, पिता यी. यांतला यी हा राजाचा सख्खा बाप, बाकीचे तिघे काका. पण तिथे चौघांनाही ‘पिता’च म्हणत.

कोकणात देवाला लावतात तो कौल आपल्याला माहीत आहे. तिथे फूल कुठल्या बाजूने पडतं ते पाहतात. इथे हाडाला तडा कसा जातो ते पाहायचे. पण तडा आपोआप जात नसे, त्यामागे भरपूर कारागिरी होती. कासवं नजराणा म्हणून येत. ‘अमक्याने अडीचशे पाठवली’ अशी पावती चक्क कवचावरच कोरलेली सापडते. कवच नसेल तर बैलाच्या फऱ्याचं चपटं हाड. ते साफ करून घासायचं, मागच्या बाजूने एक लांबट खाच कोरायची आणि तिला खेटून एक गोल खळगा. आरपार मात्र जायचं नाही, पातळ पापुद्रा राखायचा. मग खळग्याला धग द्यायची. तापलेला भाग फुगू पाहतो, भोवतालचं थंड हाड त्याला जागा देत नाही; शिवाय पाणी उडून गेल्याने तो आकसतोही. हा सगळा ताण सर्वांत पातळ जागी मोकळा होतो. पुढच्या बाजूला खाचेच्या रेषेत उभी चीर पडते आणि खळग्याच्या दिशेला तिची एक आडवी फांदी फुटते. ‘शकुन पाहणे’ या अर्थाचं चिनी अक्षर ‘बू’ आजही नेमकं असंच दिसतं: एक उभी रेघ, तिला एक छोटी फांदी. त्याचा प्राचीन उच्चार ‘पुक्’च्या जवळपास असावा आणि तो हाड तडकण्याच्या आवाजावरून आला असावा, असं काही भाषातज्ज्ञांना वाटतं.

म्हणजे कौल द्यायचा पूर्वजांनी, पण तो कुठल्या रेषेत द्यायचा हे माणसाने आधीच कोरून ठेवलेलं. पूर्वजांच्या हातात राहायचा तो त्या फांदीचा थोडाफार कल. याला मी लबाडी म्हणणार नाही. कसंही फुटलेलं हाड वाचता येत नाही. वाचता यावं म्हणून त्याला शिस्त लावली होती.

मला या हाडांतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांच्यावरचं दप्तर. कुठल्या दिवशी, कुणी, काय विचारलं, राजाने चिरा पाहून काय सांगितलं आणि क्वचित, पुढे प्रत्यक्षात काय झालं, हेसुद्धा कोरलेलं असे. वू दिंगची राणी फू हाव गरोदर असतानाची नोंद प्रसिद्ध आहे. राजा म्हणाला, बाळंतपण ‘दिंग’ वारी झालं तर चांगलं, ‘गेंग’ वारी झालं तर फारच शुभ. (त्यांचा आठवडा दहा दिवसांचा, दिंग आणि गेंग हे त्यांतले वार.) त्याखाली निकाल: एकतिसाव्या दिवशी, ‘जिया’ वारी बाळंत झाली. चांगलं झालं नाही. मुलगी झाली.

शेवटचं वाक्य आज वाचताना टोचतं. आणि ही त्याच फू हावची गोष्ट, जी स्वतः सैन्य घेऊन लढाईवर जात असे. पण भाकीत आणि निकाल शेजारी शेजारी लिहून ठेवण्याची सवय म्हणून पाहिलं, तर ती मोठीच गोष्ट आहे. राजाने दोन वार सांगून स्वतःला जरा मोकळीक ठेवली होती, हेही त्या नोंदीमुळेच आपल्याला दिसतं. अशाच नोंदींत पाच चंद्रग्रहणं सापडली. गणिताने मागे जाऊन अभ्यासकांनी ती इ.स.पू. १२०१ ते ११८१ या काळातली ठरवली आणि वू दिंगचा काळ निश्चित करायला तोच एक मोठा आधार झाला. शकुन पाहणाऱ्यांनी ग्रहण टिपलं ते भीतीपोटी. उपयोग झाला तो इतिहासाला.

पुढच्या राजांच्या काळात हे सगळं आटत गेलं. घराण्याच्या अखेरीस बहुतेक हाडांवर एकच मजकूर: ‘येत्या दहा दिवसांत अरिष्ट नाही.’ राजा चिरा पाहतो आणि म्हणतो, शुभ. दहा दिवसांनी पुन्हा तेच. उलटा पर्याय विचारणंही जवळजवळ थांबलं होतं. इ.स.पू. १०४६च्या सुमारास झोऊ लोकांनी शांगांचं राज्य घेतलं.

झोऊंच्या काळात ‘यीजिंग’ या ग्रंथाची परंपरा वाढली आणि हाडाइतकंच महत्त्व एका रानटी झाडाच्या वाळक्या काड्यांना आलं. इथे कौल चिरेत नसतो, मोजणीत असतो. जुन्या त्रोटक वर्णनावरून १२व्या शतकातल्या जू शी या विद्वानाने जी रीत बांधली, तीच आज चालते. काड्या पन्नास, त्यांतली एक बाजूला ठेवायची. उरलेल्या ४९ चे नजरेच्या अंदाजाने दोन ढीग करायचे, उजव्यातली एक काडी काढायची, दोन्ही ढीग चार-चारने मोजायचे आणि शेवटी उरलेल्या काड्या बाजूला ठेवायच्या. असं तीनदा केलं की हातात ३६, ३२, २८ किंवा २४ काड्या राहतात. चारने भागा: ९, ८, ७ किंवा ६. विषम आलं तर अखंड रेघ, म्हणजे यांग. सम आलं तर तुटकी, म्हणजे यिन. (यांग आणि यिन ही चिनी विचारातली एकमेकांच्या विरुद्ध, पण एकमेकांना पूरक अशी दोन तत्त्वं.) सहा रेघांची एक आकृती, म्हणजे अठरा वेळा वाटणी. अशा आकृत्या एकूण ६४.

आता गंमत पाहा. यिन आणि यांग येण्याची शक्यता अगदी सारखी, निम्मी-निम्मी. पण ९ आणि ६ हे ‘पिकलेले’ अंक, पालटणारे: ९ आला की यांगचा यिन होतो, ६ आला की यिनचा यांग. सोळा वेळांत सरासरी ९ तीनदा येतो आणि ६ एकदाच. म्हणजे या काड्यांत यांग तिप्पट चंचल आहे आणि यिन स्थिर. तीन नाणी उडवण्याची नंतरची सोपी रीत वापरली तर हा फरक पुसला जातो. दोन्ही अंक सोळांत दोनदाच. घाईत नाणी उडवणाऱ्याला आपण वेगळ्याच विश्वाला प्रश्न विचारतोय याचा पत्ता नसतो!

विचारही इथे बदललेला दिसतो. दाढ दुखते कारण काका रागावलेत, ही एका व्यक्तीची मर्जी झाली. यीजिंगमध्ये कुणाची मर्जी सांभाळायची नसते. परिस्थिती सतत कूस बदलत असते, टोकाला गेलेली गोष्ट उलटते, आणि आपण त्या वळणावर नेमके कुठे उभे आहोत एवढंच पाहायचं. (जर्मन गणितज्ञ लाइब्निझने १७०३ मध्ये द्विमान अंकांवरचा, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून केलेल्या मोजणीवरचा, आपला लेख छापला त्यात या ६४ आकृत्यांचा उल्लेख आहे. मात्र त्याचं द्विमान गणित आधीच तयार होतं. काड्या मोजणारे द्विमान बेरजा करत नव्हते, तेव्हा ‘संगणक मूळचा चिनी’ वगैरे ऐकलं तर सोडून द्यावं.)

तिथल्याच विचारवंतांनी पुढचं पाऊल टाकलं. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या श्युन्झीने लिहिलं, की पावसासाठी प्रार्थना केली आणि पाऊस पडला तर त्यात विशेष काही नाही. न करताही तो पडतोच. शकुन पाहायला त्याची हरकत नव्हती, फक्त तो शिष्टाचार म्हणून पाहावा, त्यातून काही मिळेल म्हणून नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला वांग छोंग तर आणखी रोखठोक. अंगावरच्या उवेने कानाशी येऊन ओरडून विचारलं तरी माणसाला ऐकू जात नाही. मग एवढ्याशा माणसाचा प्रश्न आभाळाला कसा ऐकू जावा?

शांगांची हाडं तोवर जमिनीत गाडली गेली होती. पुढे आन्यांगजवळच्या श्याओतुन गावात नांगराला ती लागू लागली, आणि शेतकरी ती ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून औषधवाल्यांना विकू लागले. १८९९ मध्ये बीजिंगचे विद्वान वांग यीरोंग यांनी त्यांवरची अक्षरं ओळखली. त्याआधी किती हाडांची पूड होऊन लोकांच्या पोटात गेली याचा हिशेब नाही. गावकरी अक्षरं खरवडून टाकत, कारण कोऱ्या हाडाला गिऱ्हाईक पटकन मिळे. वू दिंगच्या दाढेचं कवच तेवढं त्यातून वाचलं.