खरा गळा आणि सिलिकॉनचा गळा

फोंड्याकडच्या देवळांत उत्सवी नाटकांच्या तालमी सुरू झाल्या की घसा बसलेल्या नटांवर सल्ल्यांचा मारा होतो. त्यात हल्ली ‘स्वरतंतूंच्या मॉडेलवर सिद्ध झालंय’ हे वाक्य असतंच. कुठलं मॉडेल, ते कोणी सांगत नाही. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू खपतात.

एक म्हणजे खरं स्वरयंत्र: कुत्र्याचं, डुकराचं किंवा देहदानातून मिळालेलं माणसाचं. श्वासनळीच्या तुकड्यासकट ते नळीवर बसवायचं, दोऱ्यांनी स्वरतंतू जवळ आणायचे आणि खालून हवा सोडायची. मेलेला गळा आवाज काढतो! फ्रान्समध्ये शरीरशास्त्रज्ञ आंत्वान फेरँनं 1741 मध्येच असे प्रयोग मांडले होते. 1950 मध्ये राउल ह्युसाँ या फ्रेंच संशोधकानं दावा केला, की प्रत्येक कंपनासाठी मज्जातंतूकडून वेगळा आदेश येतो. काळी एकचा षड्ज लावलेल्या पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे 139 वेळा उघडतात-मिटतात. एवढे आदेश पाठवायचे कोणी? मज्जातंतू तुटलेला गळा नुसत्या हवेवर वाजतो, तिथंच तो दावा लंगडा पडतो.

या प्रयोगाची एक तऱ्हा मला फार आवडते. स्वरयंत्र उभं चिरून अर्धंच ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला काच लावतात. स्वरतंतूची खालची कड आधी काचेला टेकते, मग वरची. लाट खालून वर सरकताना दिसते. डॉक्टर घशात दुर्बीण घालतात तेव्हा त्यांना फक्त वरची बाजू दिसते. अडचण एवढीच, की ऊती लवकर सुकते. हवा दमट आणि अंगाच्या उबेची करून द्यावी लागते. (दमटपणा गोव्यात फुकट मिळतो, पण तेवढ्यानं भागत नाही.) शिवाय दोन डुकरांचे गळे सारखे नसतात.

दुसरी वस्तू सिलिकॉनची. दोन द्रव मिसळायचे, वर पातळ करणारं तिसरं घालायचं, साच्यात ओतून स्वरतंतूच्या आकाराची पट्टी करायची आणि तीही खालून हवा सोडून वाजवायची. तिसरं जास्त घातलं की पट्टी मऊ होते. ती दिवसेंदिवस वाजवा, सुकत नाही. फक्त जाडी बदलून किंवा आत मुद्दाम कडक गाठ बसवून काय होतं, ते तपासता येतं. खऱ्या गळ्यात असा एकच धागा सुटा करता येत नाही. मात्र एकाच थराच्या पट्ट्यांना खऱ्या गळ्यापेक्षा जास्त दाब लागायचा आणि ती लाटही नीट उठायची नाही. वर अतिमऊ थर दिल्यावर फरक पडला. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांना बोलण्यासाठी देतात ते उपकरण मात्र हे नव्हे.

म्हणून दाब आणि आकाराचा प्रश्न असेल तर मी सिलिकॉनवर भरवसा ठेवीन. ऊतीला इजा कशी होते हे विचारायचं तर खऱ्या गळ्यावर. आणि मुरकीसाठी? दोन्हींत जिवंत स्नायू नाही. त्यासाठी गाणाराच लागतो.