गाडी उभीच असली, तरी विमा लागतो

"आम्ही दुबईत, गाडी पुण्यात कव्हर घालून उभी, मग विमा कशाला भरायचा?" वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक जागी गाडी वापरायला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे. मालक कुठे राहतो याचा त्याच्याशी संबंध नाही. बॅटरी उतरू नये म्हणून भाऊ रविवारी चौकापर्यंत चक्कर मारून येतो ना, तोही वापरच! त्याच्याकडे वैध परवाना मात्र हवा. पार्किंगमध्ये पुराचं पाणी शिरलं किंवा गाडी चोरीला गेली, तर थर्ड पार्टी पुरत नाही, आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणारी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. नूतनीकरण परदेशातूनही ऑनलाइन होतं. मुदत संपून ९० दिवस उलटले, की ५० टक्क्यांपर्यंत साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.