'पॉप्टी पिंग' आणि आपला स्वयंपाक

ब्रिटनमधल्या वेल्सच्या वेल्श भाषेत मायक्रोवेव्हला 'पॉप्टी पिंग' म्हणतात, हे ऐकून हसू येतंच. अन्न गरम झाल्यावर वाजणारी ती टिंग थेट नावातच! अर्थात ही थट्टेत रुळलेली बोली. रीतसर शब्द आहे 'मेइक्रोडॉन', म्हणजे शब्दशः सूक्ष्मलहर. बिनचूक, आणि तितकाच बेचव.

खरी गंमत 'पॉप्टी'त आहे. उत्तर वेल्समध्ये घरातल्या साध्या ओव्हनला पॉप्टी म्हणतात. दक्षिणेत 'फुर्न', तो लॅटिनकडून आलेला. 'पॉबी' म्हणजे भट्टीत भाजणं, 'टी' म्हणजे घर. 'पॉबटी' भरभर म्हणून पाहा, ओठ आपोआप 'पॉप्टी' म्हणतील. भाजलेला बटाटा तिथे 'टाटूस पॉब'.

हा पॉबी आपल्या नात्यातला आहे. संस्कृत 'पच्', म्हणजे शिजवणं, आणि पॉबी यांचं मूळ एकच. त्या 'पच्'वरून आपल्याकडे पचणं, पिकणं, पक्वान्न, पक्का आणि स्वयंपाक आले. म्हणजे पॉप्टीची फोड केली तर हाती येतं चक्क 'पाकघर'.

पण दोन्हीकडचा 'प' पाहून फसू नका. या भाषांच्या समान पूर्वजातला मूळ धातू साधारण 'पेक्व्' असा. लॅटिन आणि केल्टिक (वेल्श, आयरिश यांचं घराणं) भाषांच्या पूर्वजांत शब्दात नंतर येणाऱ्या 'क्व'ने आधीच्या 'प'लाही आपल्या वळणावर नेलं, म्हणून लॅटिनमध्ये 'कोक्वेरे' (इंग्रजी 'कुक' त्यातूनच). पुढे वेल्शच्या पूर्वज भाषेत प्रत्येक 'क्व'चा 'प' झाला आणि दोन स्वरांमधला 'प' मऊ होऊन 'ब' बनला. थोडक्यात, वेल्शने 'प' एकदा गमावला आणि वेगळ्याच वाटेने परत मिळवला! पाच या आकड्याचंही तेच: संस्कृत 'पंच', लॅटिन 'क्विंक्वे', वेल्श 'पिम्प'. शेजारची आयरिश मात्र 'क'वरच थांबली, 'कूइग'.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच झऱ्यातून निघाल्या असाव्यात, असं भाषापंडित विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात मांडलं. त्यांचे वडील अँगल्सी बेटावरचे वेल्श गणिती. वर्तुळाच्या 'पाय'साठी π हे ग्रीक अक्षर १७०६ मध्ये पहिल्यांदा वापरणारे तेच. मुलाने त्या भाषणात केल्टिकलाही कुटुंबात घेतलं खरं, पण वडिलांच्या भाषेच्या घराण्याबद्दल बोलताना सूर जरा हातचं राखून होता: पुरावा तितकासा भक्कम नाही, तरीही.